चौक सवाशिणींचा, सही कुणाची?

डहाणूकडच्या कासा-चारोटीच्या परिसरात वारली चित्र शोधावं लागत नाही. शाळेची भिंत, हॉटेलची दर्शनी बाजू, दुकानात टांगलेला कुर्ता, चहाचा मग. पांढऱ्या रेषांची ती माणसं कुठे ना कुठे फेर धरून नाचत असतातच. इथे दोन ठिकाणी दोन प्रश्न विचारून पाहावेत. शाळकरी मुलाला विचारावं, ‘सगळ्यात मोठा वारली चित्रकार कोण?’ तो सांगेल, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. मग लग्न निघालेल्या एखाद्या वारली घरात विचारावं, ‘लग्नाचा चौक कोण लिहितं?’ उत्तर येईल, सवाशिणी.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि कोडं नेमकं तिथेच आहे. जी कला परंपरेने बायकांच्या हातात होती, तिच्यातलं पहिलं जगप्रसिद्ध नाव पुरुषाचं कसं झालं? त्यानंतर गाजलेली बहुतेक नावंही पुरुषांचीच का?

याची दोन झटपट उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, पुरुषांनी बायकांची कला बळकावली. दोन, पुरुषांच्या हातात मुळातच जास्त कसब होतं. पहिल्या उत्तराला एखादा खलनायक लागतो आणि तो या गोष्टीत सापडत नाही. दुसरं उत्तर तर सवाशिणींचा एखादा चौक नीट पाहिला तरी टिकत नाही. खरं काय घडलं ते समजून घ्यायला आधी भिंतीपाशी जायला हवं.

भिंतीवर काय असतं?

जुन्या वारली घराची भिंत म्हणजे कारवीचा कूड. त्यावर शेणामातीचा लेप आणि वरून गेरूचा हात. रंग एकच, पांढरा, तांदळाच्या पिठाचा. पीठ पाण्यात कालवायचं, धरून राहावं म्हणून थोडा डिंक घालायचा. बांबूची काडी घेऊन तिचं टोक दातांनी चावलं की तंतू सुटे होतात आणि कुंचला तयार होतो.

आधी मोठा चौकोन आखला जातो. त्याच्या आत रेषा, त्रिकोण, साखळ्या आणि ठिपके यांचे पट्टे एकाला लागून एक भरले जातात. मधल्या जागेत पालघट देवी येते, सुफलतेची देवता. शेजारच्या लहान चौकात पाचशिऱ्या देव असतो. भोवती सूर्य, चंद्र, झाडं, वाजंत्री, नाचणारी माणसं. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवायचे, वर डोक्याचा गोल, मग काड्यांसारखे हातपाय. कमरेपाशी सगळा देह एका बिंदूवर तोललेला असतो. म्हणूनच ती माणसं उभी असली तरी आत्ता हलतील अशी वाटतात.

हे काम सवाशिणींचं. लग्न लावण्याचा मानही पारंपरिक वारली लग्नात एका बाईचाच, धवलेरीचा. तिच्या गाण्यांशिवाय विधी पुढे सरकत नाही आणि चौकाशिवाय लग्न होत नाही. म्हणजे घर सुशोभित करण्यापुरतं हे काम नव्हतं. लग्नाला मान्यता देणाऱ्या विधीचाच तो भाग होता आणि त्यात बायकांचा शब्द चालत होता.

या कामाची तीन वैशिष्ट्यं लक्षात ठेवायला हवीत. चौक प्रसंगाला बांधलेला असतो. लग्न नाही तर चौक नाही. तो एकटीचा नसतो. दोघी-चौघी मिळून लिहितात. आणि त्यावर सही नसते. लग्न झालं की तो हळूहळू पुसट होतो आणि पुढच्या सारवणात जातो. भिंतीवर या तिन्ही गोष्टी शोभून दिसत होत्या. कागद आल्यावर त्याच आड आल्या.

माणूस तोच, कागद तोच, निकाल वेगळे

विज्ञानात एखादं कारण तपासायचं असेल तर बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलतात. समाजात असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही. वारली चित्रकलेच्या बाबतीत मात्र तसं काहीसं आपोआप घडलं आणि त्याचं निमित्त झाले भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार.

१९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. लोकांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून हस्तकलांच्या जाणकार पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने हस्तकला मंडळाने कुलकर्णींना मिथिलेत, मधुबनीच्या गावांत पाठवलं. तिथल्या बायका लग्नाच्या वेळी कोहबर-घर रंगवत, म्हणजे नवविवाहितांच्या खोलीच्या भिंती. कुलकर्णींनी तीच चित्रं कागदावर काढून घ्यायला सुरुवात केली. पुढे सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या गंजाडात आले आणि इथेही कागद आला.

दोन्हीकडे कला लग्नाची, भिंतीवरची आणि बायकांची. दोन्हीकडे कागद घेऊन जाणारा माणूस तोच. निकाल मात्र उलटसुलट. १९७५ मध्ये जगदंबा देवी, १९८१ मध्ये सीता देवी, १९८४ मध्ये गंगा देवी, मग महासुंदरी देवी, बौआ देवी, गोदावरी दत्त आणि २०२१ मध्ये दुलारी देवी: मिथिलेच्या चित्रकलेतल्या या सात जणींना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेतलं पद्मश्री म्हणून घेतलं जाणारं नाव जिव्या सोमा म्हसे यांचं. २०११ च्या पद्मश्रीच्या यादीत मधुबनीच्या महासुंदरी देवी आणि डहाणूचे जिव्या सोमा दोघेही आहेत.

हे आणखी चक्रावणारं आहे, कारण अंदाज बांधायचा झाला तर कुणीही उलटा बांधला असता. ज्या घरांतून मिथिलेच्या पहिल्या चित्रकर्त्या पुढे आल्या, ती बहुतेक ब्राह्मण-कायस्थांची, पडदा पाळणारी. वारली बाई मात्र शेतात, रानात, बाजारात मोकळी वावरणारी. तरी नाव पडद्याआडच्या बाईचं झालं आणि मोकळ्या बाईचं राहून गेलं. तेव्हा स्त्रियांवरची बंधनं एवढं एकच कारण पुरत नाही. कागद येताना काय काय सोबत घेऊन आला, ते एकेक करून पाहावं लागतं.

पहिली गोष्ट: कागद कुणासाठी आला?

मिथिलेत कागद आला तो दुष्काळातलं काम म्हणून. घरात बसून करता येईल असं काम हवं होतं, म्हणून तो थेट बायकांच्या हाती आणि एकाच वेळी अनेकींच्या हाती गेला. पडद्याआड असणं हीच तिथे पात्रता ठरली.

गंजाडात अशी योजना नव्हती. इथे शोध कलेचा होता. प्रसंगाविना चित्र काढायला सवाशिणी बिचकल्या. पुढे आला तो चाळिशीला टेकलेला एक माणूस. जिव्या सोमांचा जन्म १९३४ चा, तलासरीच्या धामणगावचा. नंतर कुटुंब गंजाडच्या कळंबीपाड्यात स्थिरावलं. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं आणि मातीत रेघोट्या ओढणं हीच त्यांची भाषा झाली, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. लग्नाच्या मुहूर्ताची वाट न पाहता रोज चित्र काढणारा हा माणूस होता. त्यांची प्रतिभा अस्सल होती, त्यात वाद नाही. प्रश्न एवढाच की त्यांच्या बरोबरीची एखादी सवाशीण त्याच पाड्यात असती, तर ती कागदापर्यंत पोचली असती का?

दुसरी गोष्ट: मोकळीक

मान आणि मोकळीक हातात हात घालून येतातच असं नाही. चौक लिहिण्याचा मान ज्यांचा, त्याचे नियमही त्यांच्याच डोक्यावर. पालघट कधी काढायची, कुठे, कुणी, हे सगळं ठरलेलं. पुरुषाला हा मान नव्हता, म्हणून हे ओझंही नव्हतं. त्याने कागदावर मासेमारीचं जाळं काढलं, भाताची खळी काढली, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर काढला, तर कुठला विधी मोडत नव्हता. बाजाराला हवी होती ती नेमकी अशीच गोष्टी सांगणारी चित्रं.

हे केवळ स्त्री-पुरुषांचं नाही, याचा पुरावा शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. भिल्लांमध्ये पिठोरा या देवाचे घोडे रंगवण्याचा मान परंपरेने पुरुषांचा. कागदावर आणि कॅनव्हासवर गाजलेलं पहिलं मोठं भिल्ल नाव मात्र झाबुआकडच्या भुरीबाईंचं. भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर त्या मजूर होत्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना कागद दिला. त्यांनी पिठोरा बाजूला ठेवून आपल्या मनातली चित्रं काढली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्याच्यावर विधीचं बंधन नाही, तो नव्या माध्यमात आधी मोकळा होतो. डहाणूत तो पुरुष होता, झाबुआत बाई. पण भुरीबाईंपर्यंतही कागद कुणीतरी मुद्दाम नेला होता, हे विसरून चालत नाही.

तिसरी गोष्ट: सलग वेळ

मासेमारीच्या जाळ्याचं वारली चित्र जवळून पाहिलं की अंगावर काटा येतो. सगळ्या कागदभर जाळ्याचा एकेक बारीक डोळा. कुठेही रेष जाड झाली की सगळी वीण विसकटली. असं चित्र दिवसचे दिवस एकाच लयीत चालावं लागतं. मध्ये उठलं की हात बदलतो.

चौक एका प्रसंगात पुरा होतो, चौघींच्या हातांनी. कॅनव्हास मात्र एका माणसाचे अनेक सलग दिवस मागतो. वारली बाईचा दिवस कसा असतो? पहाटे पाणी, मग चूल, मग लाकूडफाटा. पावसाळ्यात भाताची लावणी, नंतर कापणी-झोडणी. दिवाळी उलटली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात आणि तिथेही स्वयंपाक व मुलं बाईकडेच. तिच्याकडे तास असतात, पण सुटे सुटे. सुट्या तासांत पुस्तकखुणा, भेटकार्डं, मातीचे दिवे रंगवता येतात. बाजारात या वस्तू नगावर विकल्या जातात आणि त्यांवर कुणाचं नाव नसतं. मोठा कॅनव्हास, ज्यावर नाव असतं, तो ज्याच्याकडे सलग वेळ आहे त्याच्याकडे जातो.

चौथी गोष्ट: मुंबईची वाट

भिंतीवरचं चित्र पाहायला माणसं घरी येत. कागदावरचं चित्र घेऊन माणसाला बाहेर जावं लागतं. प्रदर्शन मुंबईत, बक्षीस दिल्लीत, कार्यशाळा आणखी कुठे. उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली तीच मुळी २०१३ मध्ये. त्याआधी पाड्यातून निघून स्टेशन गाठणं, गाडी पकडणं, अनोळखी शहरात मुक्काम, गॅलरीवाल्याशी मराठी-हिंदीत भाव ठरवणं, हे सगळं घरातला पुरुष करणार, असं कुणी न सांगताही ठरलेलं होतं. खरेदीदारही पाड्यात आला की ‘घरात कोण आहे?’ असं विचारून पुरुषाशीच बोलत असे. चित्राबद्दल जो बोलतो तोच चित्रकार, असा समज मग आपोआप रुजतो.

पाचवी गोष्ट: नाव

भिंतीला सही लागत नव्हती. कलेच्या बाजाराला ती लागतेच; सहीवर किंमत ठरते. पण वारली घरातलं काम पुष्कळदा घराचं असतं. कुणी कापडावर शेणाचा किंवा गेरूचा हात देतं, कुणी मुख्य रेषा ओढतं, कुणी झाडांची पानं नि ठिपके भरतं. तळाशी नाव मात्र एक.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. लावणीपासून मळणीपर्यंत शेतात बाई राबते आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं असतं. कर्ज, भरपाई, अनुदान सगळं त्या नावावर येतं. चित्राची सही हा कलेचा सातबाराच. कष्ट कुणाचे हे तो सांगत नाही; हक्क कुणाचा हे सांगतो.

बक्षिसामागून बक्षीस

पहिला फरक लहान असतो. तो मोठा कसा होतो ते पाहा. १९७५ मध्ये जिव्या सोमांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. मग परदेशात प्रदर्शनं. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत. मग पद्मश्री. प्रत्येक पायरी त्यांनी स्वतःच्या हाताने कमावली.

पण प्रत्येक पायरीचा एक उपपरिणामही झाला. कार्यशाळेला कुणाला बोलवायचं? ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला. प्रमाणपत्र कुणाला मिळतं? जो आधी प्रदर्शनात दिसला त्याला. प्रदर्शनात कोण दिसतो? ज्याला कार्यशाळेला बोलावलं होतं तो. हे चाक कुणीही वाईट हेतूने फिरवत नाही, तरी ते आधी बसलेल्यालाच पुढे नेतं. जिव्या सोमांची मुलं, सदाशिव आणि बाळू, चित्रकार झाली. गंजाड आणि आसपासच्या पाड्यांतल्या मुलग्यांनाही वाटू लागलं की हा पुरुषाचा पेशा होऊ शकतो. मुलींना दिसत होती ती आई आणि मावशी, ज्या चौक लिहीत होत्या पण ज्यांना कुणी चित्रकार म्हणत नव्हतं.

मिथिलेत हेच चाक उलट्या बाजूने फिरलं. पहिली प्रसिद्ध नावं बायकांची, म्हणून पुढची मागणी बायकांच्या चित्रांना. घरकाम करून पोट भरणाऱ्या दुलारी देवी चित्रं काढायला शिकल्या त्या महासुंदरी देवींच्या कुटुंबातच.

जगात दुसरीकडे

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकी कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९७१ मध्ये एका लेखात विचारलं की थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत. त्यांचं उत्तर प्रतिभेपाशी थांबत नाही, दारापाशी जातं. युरोपात मोठा चित्रकार व्हायचं तर इतिहास-पुराणातले भव्य प्रसंग रंगवायचे. त्यासाठी मानवी देहाचा अभ्यास हवा. आणि नग्न मॉडेल समोर बसवून शिकवणाऱ्या वर्गात बायकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ प्रवेशच नव्हता. पहिली पायरीच काढून घेतली तर माणूस माडीवर चढला नाही याचं नवल कशाला?

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुरिल्ला गर्ल्स या स्त्री-कलावंतांच्या गटाने तिथल्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात मोजणी करून एक पोस्टर काढलं: आधुनिक कलेच्या दालनात स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के बायकांची.

आणखी एक फरक सगळीकडे दिसतो. बायका जे करतात त्याला हस्तकला म्हणायचं आणि पुरुष जे करतात त्याला कला. जर्मनीतल्या बाउहाउस या आधुनिक विचारांच्या कलाशाळेतही आलेल्या मुलींना बहुधा विणकामाच्या विभागाकडे वळवलं जाई. आपल्याकडे रांगोळी, गोधडी, चौक यांच्या वाट्याला हेच आलं. भिंतीवर असेपर्यंत तो रिवाज, फ्रेममध्ये गेला की कला.

थोडक्यात

- वारली लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. तो प्रसंगाला बांधलेला, सामूहिक आणि बिनसहीचा असतो.
- सत्तरच्या दशकात चित्र भिंतीवरून कागदावर आलं. कागदाला लागत होती विधीपासून मोकळीक, सलग वेळ, प्रवास आणि एक नाव. या चारही गोष्टी पुरुषाच्या हाताशी आधीच होत्या.
- मिथिलेत कागद मुद्दाम बायकांच्या हाती दिला गेला, म्हणून नावंही बायकांची झाली.
- पहिला लहान फरक पुरस्कार आणि निमंत्रणांच्या चाकावर मोठा होत गेला.

मग करायचं काय?

विषमता कुठून आत शिरते हे कळलं की ती कुठे अडवायची हेही कळतं.

नावाचा प्रश्न सगळ्यात सोपा, आणि त्याचे दाखले घरातच आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद केली. डहाणू-तलासरीत हा कायदा कुणाला नवा नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहिलं जातं. जमिनीला आणि बाळाला दोन नावं लागू शकतात, तर चित्राला का नाही? तारा बुक्सने काढलेल्या ‘डू!’ या वारली चित्रांच्या पुस्तकावर रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे यांच्यासोबत रसिका हेंगडी आणि कुसुम धडपे यांचीही नावं आहेत. पुस्तकाला त्यामुळे कमीपणा आला नाही.

कागदपत्रांचंही तसंच. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि त्या कायद्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. हस्तकला कारागिरांचं ओळखपत्रही व्यक्तीच्या नावाने निघतं, कुटुंबाच्या नाही. घरात चौघं रंगवत असतील तर चौघांची नोंद व्हायला हवी. पुढचं बक्षीस, पुढची कार्यशाळा या कागदांवरूनच ठरते.

वेळ आणि प्रवास यांसाठी संस्थांना हात हलवावा लागेल. मुंबईत बोलावण्याऐवजी कार्यशाळा पाड्यात घ्यायची, लावणी आणि भट्टीचे महिने टाळून घ्यायची, मुलं सांभाळायला कुणीतरी ठेवायचं, आणि मानधन चित्र काढणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करायचं. मिथिलेत नेमकं हेच झालं होतं: कामाने बाईला बोलावलं नाही, ते तिच्यापर्यंत गेलं.

उरतो आपण, विकत घेणारे. वारली चित्र घेताना भाव करण्याआधी विचारावं की शेणा-गेरूची पार्श्वभूमी कुणी तयार केली, रेषा कुणाची, ठिपके कुणी भरले. आणि उत्तरात जेवढी नावं येतील तेवढी सगळी चित्रामागे आणि पावतीवर लिहून मागावीत.